अर्धी खूण

ताई लहान असताना तिला एकदा मोठा ताप आला. बरेच दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली, तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं. हे आईच्या लक्षात यायलाही वेळ लागला. कुकरची शिट्टी झाली तरी पोरगी मान वळवत नाही, एवढंच आधी दिसलं. माझा जन्म या सगळ्यानंतरचा. त्यामुळे आमच्या घरात हातांनी बोलतात यात मला कधी काही वेगळं वाटलं नाही. सगळ्यांच्याच आया दोन भाषा बोलत असतील, एक तोंडानं आणि एक हातांनी, असं मी धरून चालले होते.

खरं तर आई तीन बोलायची. तिचं माहेर सटाण्याकडचं, त्यामुळे चिडली किंवा फार लाडात आली की अहिराणी. एरवी आमची नाशिकची मराठी. आणि ताईशी हात.

ही हातांची भाषा आईनं स्वतःच केली होती, कुणाकडून शिकली नव्हती. कांदा म्हणजे डोळ्याच्या कडेवरून करंगळी फिरवायची. आजोळ म्हणजे तेच, पण दोन्ही डोळ्यांवरून, कारण तिच्या माहेरी कांद्याशिवाय होतं काय. बाबा म्हणजे खिशाला लावलेलं पेन. मामा म्हणजे मिशी. या दोन खुणा तर लागायच्याच, कारण ओठांकडे बघून वाचलं तर ‘बाबा’ आणि ‘मामा’ अगदी सारखे दिसतात. मी म्हणजे हनुवटीवर बोट, तिथे माझ्या तीळ आहे. ताई म्हणजे हवेतच वेणी ओढल्यासारखं करायचं. लहानपणी ती वेणी घालू द्यायची नाही, त्यावरून ती खूण पडली होती.

बाबा या भाषेत कधी शिरले नाहीत. ते पाटबंधारे खात्यात होते, सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. माणूस वाईट नव्हता. ताईसाठी ते रंगपेट्या आणायचे, तिच्या शाळेच्या फेऱ्या मारायचे. पण ती काही सांगायला लागली की ते आईकडे बघायचे आणि विचारायचे, “काय म्हणते ती?” आई नसली तर मला विचारायचे. मी पहिलीत असल्यापासून बाबांना ताई काय म्हणते ते सांगत आले.

ताईच्या शाळेत हातवाऱ्यांना मनाई होती. मुलांनी ओठ वाचून आवाज काढायला शिकावं अशी तेव्हाची पद्धत होती. तिथल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, “घरी खुणा करत जाऊ नका, तिला बोलायचा आळस लागेल.” आईनं मान डोलावली. तेव्हापासून चारचौघांत तिचे हात पदराखाली जायला लागले. घरात, स्वयंपाकघराच्या दाराआड, दोघींचं अखंड चालायचं. पाहुणे आले, लग्नाला गेलो, फोटो काढायची वेळ आली की आई हात गुंडाळून उभी. सटाण्याची माझी मावशी एकदा म्हणालीसुद्धा, “इतलं हात हालावानी काय गरज शे? पोरगीले काय समजस?” आई पटकन म्हणाली, “तिले समदं समजस. तुमलेच समजत नही.” पण हे बोलतानाही तिचे हात पदरातच होते.

ताईची चित्रकला चांगली होती. दहावीनंतर तिनं कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये अ‍ॅनिमेशनचा कोर्स केला आणि नाशिकमधल्याच एका छोट्या स्टुडिओत लागली. तिथे मुलांच्या बडबडगीतांचे व्हिडिओ बनायचे. ससे, माकडं, डोळे मोठे केलेल्या भाज्या. ताईकडे आलं ते पात्रांची तोंडं हलवायचं काम. ऐकू न येणाऱ्या मुलीला ओठ जुळवायचं काम देतात याचं बाहेरच्यांना नवल वाटायचं. तिला नव्हतं वाटत. गाण्याचं कुठलं अक्षर कुठल्या चित्रावर येतं ते कागदाच्या पट्टीवर लिहून मिळायचं, आणि ‘प’ला ओठ कसे मिटतात, ‘ओ’ला कसे गोल होतात हे ती आयुष्यभर बघतच आली होती. लोकांचे चेहरे वाचून ती दमायची. इथे चेहरे तिच्या हातात होते.

एकदा तिनं लॅपटॉप घरी आणून आईला काम दाखवलं. एक चित्र काढलं की आधीचं चित्र त्याच्याखाली पुसट दिसत राहतं, म्हणजे पुढचं कुठे काढायचं ते कळतं. त्या सोयीला सॉफ्टवेअरमध्ये ‘ओनियन स्किन’ म्हणतात. ताईनं आईला ते सांगताना कांद्याची खूण केली आणि मग अंगावरची साल काढल्यासारखं केलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. “माझ्या बापाच्या कांद्याची सालं कॉम्प्युटरमध्ये गेली म्हण,” असं ती मला म्हणाली आणि मग तेच ताईला हातांनी सांगितलं. आईच्या हसण्याची माझ्याकडे असलेली शेवटची चांगली आठवण ही आहे. त्यानंतर तिचा जुना दमा वाढत गेला.

त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं, दोन दिवस बरं वाटलं, मग श्वास पुरेना. डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की नळी घालावी लागेल. बाबांनी सही केली. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला गळ्यावर हात ठेवून दाखवलं. आमच्या भाषेत व्हेंटिलेटरला खूण नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना आत सोडलं. झोपेचं औषध थोडं कमी केलं होतं, आई डोळे उघडून होती. तोंडात नळी, त्यामुळे बोलणं नाही. आणि तिची दोन्ही मनगटं मऊ बँडेजनं पलंगाच्या दांड्यांना बांधलेली होती.

मी ते पाहिलं आणि मला वाईट वाटलं. ताईनं पाहिलं आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की शेजारच्या पलंगावरची बाई जागी झाली. ती बँडेज सोडायला लागली. सिस्टर धावत आल्या. “अहो, सोडू नका, त्या नळी ओढतात. सगळ्या पेशंटला बांधतो आम्ही, त्यांच्याच भल्यासाठी.” बिचाऱ्या खरंच सांगत होत्या. मी त्यांना म्हटलं, “सिस्टर, माझ्या बहिणीला ऐकू येत नाही. आई हातांनी बोलते तिच्याशी. तुम्ही हात बांधलेत म्हणजे तिचं तोंड बांधलंय.”

सिस्टरनी ताईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “डाव्या हाताला सलाईन आहे, तो नाही सोडता येणार. उजवा सोडते. पण तुम्ही जवळ बसायचं. नळीकडे गेला तर लगेच धरायचं.”

उजवा हात सुटला. आईनं तो थोडा वेळ तसाच गादीवर ठेवला, बोटं उघडली, मिटली. मग तिनं हवेत वेणी ओढली. ताईनं मान हलवली, मी इथेच आहे. आईनं हनुवटीला बोट लावायचा प्रयत्न केला, नळीमुळे जमलं नाही, गालाला लावलं. मी म्हटलं, “हो आई.” मग पेनाची खूण. बाबा काचेच्या पलीकडे उभे होते, त्यांना आत सोडलेलं नव्हतं. ताईनं तिकडे बोट दाखवलं.

मग आईनं ताईकडे बघून उजवा तळवा वर केला, सावकाश उचलत नेला आणि वर गेल्यावर बोटं मिटली.

हे वाक्य पूर्ण नव्हतं. आमच्या बऱ्याच खुणांना दोन हात लागतात आणि उजव्या हाताची ही हालचाल तीन खुणांमध्ये येते. डावा तळवा खाली धरला तर ‘जेवलीस का?’ डावा हातही सोबत वर नेऊन मिटला तर ‘झालं, पुरे आता.’ आणि डावा हात छातीवर ठेवला तर ‘मला भीती वाटते.’ डावा हात बांधलेला होता. बँडेजच्या पुढे बोटं हलली तेवढी मला दिसली, पण कशी हलली ते कळलं नाही.

ताईनं विचारलं, पुन्हा कर. आईच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. ताईनं तिचा हात हलवला, पुन्हा, पुन्हा कर. सिस्टर म्हणाल्या, “आता झोपू द्या त्यांना.” बाहेर आल्यावर बाबांनी मला विचारलं, “काय म्हणाली?” मी म्हटलं, “जेवलात का विचारत होती.” ताईनं माझे ओठ वाचले आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर आई शुद्धीवर आली नाही. गोदावरीवर सगळं झालं, नातेवाईक आले, गेले. आईच्या माहेरची माणसं ताईच्या डोक्यावरून हात फिरवून रडली आणि माझ्याशी बोलली.

आईची माझ्याकडे खूप रेकॉर्डिंगं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ती मला आवाजात निरोप पाठवायची, येताना मेथी आण, गॅसचा नंबर लाव. मी ते अजून ऐकते. ताईच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. तिनं घरातले सगळे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ काढून बघितले. माझ्या लग्नाचा बघितला, मामेभावाचा बघितला. प्रत्येक ठिकाणी आई होती आणि प्रत्येक ठिकाणी हात पदराखाली. एका व्हिडिओत पंगतीच्या गर्दीत आई लांबून कुणाला तरी काही सांगते आहे असं दिसत होतं. ताईनं तो तुकडा मोठा करून बघितला. आई माशी हाकलत होती.

त्याच सुमारास स्टुडिओत नवीन सॉफ्टवेअर आलं. गाणं त्यात टाकलं की पात्राचं तोंड आपोआप हलतं. मालकांनी ताईला बोलावून समजावून सांगितलं, माणूस म्हणून चांगलेच वागले. ते तिला म्हणाले, बाहेरून काम देत राहू. तेव्हापासून ती घरी बसून बिल्डरांच्या, द्राक्ष बागायतदारांच्या जाहिराती करते. फ्लॅटचं नाव उडत येतं, इमारत जमिनीतून वर येते, द्राक्षांच्या घडावरून थेंब ओघळतो. त्यात चेहरे नसतात.

आई गेल्यावर काही महिन्यांनी तिनं मला फोनवर लिहिलं, रविवारी ये, तुझे हात हवेत.

मी गेले. पंचवटीतल्या आमच्या घरात भाजीबाजाराच्या बाजूला एक खोली आहे, तिथे तिनं टेबलापाशी दिवा लावून ठेवला होता. मला आईच्या बांगड्या घालायला दिल्या. माझे हात आईसारखे आहेत, आखूड बोटांचे. ताईचे बाबांवर गेलेत. ती म्हणाली, एकेक खूण कर, मी शूट करते, मग त्यावरून काढते.

मी ‘कांदा’ केला, ‘आजोळ’ केलं, ‘पाणी आलं’ केलं. ती दर वेळी मान हलवायची. नाही. तुझं घाईचं आहे. आई मध्ये थांबायची. मी म्हटलं, कुठे थांबायची? तिनं करून दाखवलं. हात वर गेला, आणि मिटायच्या जरा आधी थबकला, समोरच्याला कळलं का ते बघितल्यासारखा. तो थांबा मला आठवत नव्हता. तिनं दाखवला आणि मला आई समोर दिसली, पिठाच्या हातांनी, ओट्याशी. मी बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि बाहेर जाऊन बसले. ताई आली नाही मागे. ती थांबून राहिली. मी परत गेले तेव्हा तिनं कॅमेरा चालूच ठेवला होता.

असे पुष्कळ रविवार गेले. त्यातून जी फिल्म झाली ती चार-पाच मिनिटांची आहे. तिच्यात चेहरा नाही, आवाज नाही. पांढऱ्यावर काळ्या रेषेत आईचे हात, बांगड्यांसकट. आधी घरातल्या साध्या खुणा येतात. मग उजवा हात एकटा राहतो. तळवा वर, सावकाश उचलत, बोटं मिटतात. तोच हात पुन्हा खाली येतो आणि पुन्हा वर जातो. दर वेळी शेजारी डावा हात पुसट रेषेत उगवतो, एकदा खाली, एकदा सोबत, एकदा छातीपाशी, आणि नाहीसा होतो. शेवटी डावा उगवतच नाही.

मी तिला विचारलं, “तुला काय वाटतं, काय म्हणत असेल?”

ती हातांनी म्हणाली, मी काढताना रोज वेगळं वाटतं. भूक लागली असली की वाटतं जेवण विचारत होती. रात्रीचं सांगत नाही तुला.

गंगापूर रोडवर एका वाचनालयाचा लहानसा हॉल आहे. तिथे नाशिकच्या काही तरुण मुलांनी आपापल्या शॉर्ट फिल्म दाखवायचं ठरवलं, त्यात ताईचीही घेतली. आयोजकांपैकी एकजण मला म्हणाला, “मॅडम, बॅकग्राउंडला हलकंसं काही म्युझिक टाकलं तर? लोकांना वाटेल आवाज बिघडलाय.” मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, वाटू दे.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशाला पेन. आई गेल्यापासून ते आमच्यासोबत असे कुठे आले नव्हते. आम्ही तिघं एका रांगेत बसलो, मध्ये मी. फिल्म सुरू झाली आणि हॉलमध्ये आधी थोडी चुळबुळ झाली, मग शांत झालं. बांगड्या दिसल्या तेव्हा बाबा पुढे झुकले. त्या खुणा त्यांनी वर्षानुवर्षं रोज बघितल्या होत्या, तरी एकही न कळता ते बघत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एकटा हात वर जायला लागला तेव्हा ते माझ्या कानाशी आले.

“काय म्हणते ती?”

“माहीत नाही, बाबा.”

“म्हणजे?”

“म्हणजे कळलंच नाही. दवाखान्यातलं आहे हे. ताईलाही कळलं नाही.”

“तू तर सांगितलंस, जेवलात का विचारत होती.”

“तसंही असेल,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. पडद्यावर हात वर गेला, खाली आला. बाबांनी स्वतःचा उजवा हात मांडीवरून थोडासा उचलला आणि बोटं मिटली, पडद्याकडे बघत, मुलांनी पाटीवर गिरवावं तसं. त्यांचा डावा हात मांडीवरच होता, त्याचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. पलीकडून ताई हे बघत होती. ती उठून त्यांच्या बाजूला येईल असं मला वाटलं. ती आली नाही. दिवे लागल्यावर ती लॅपटॉपची वायर गुंडाळायला पुढे गेली.

रिक्षात घरी येताना बाबा मला म्हणाले, “तिला सांग, मी शिकायला हवं होतं.”

“तुम्हीच सांगा. ती ओठ वाचते.”

त्यांनी ताईकडे तोंड केलं. रिक्षा हलत होती, बाहेरच्या दुकानांचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर येत-जात होता. ते तेच बोलले. ताईनं मला खूण केली, दिसलं नाही नीट. मी सांगायला हात उचलला, तर तिनं माझा हात धरून खाली ठेवला. राहू दे, एवढाच त्याचा अर्थ होता.

पुढे ती फिल्म पुण्यात कर्णबधिर लोकांच्या एका मेळाव्यात दाखवली गेली. मी सोबत गेले होते. तिथे सगळे शिकलेल्या, पुस्तकातल्या खुणांनी बोलत होते, इतक्या वेगानं की ताईला त्यातलं निम्मंच कळत होतं. फिल्म संपल्यावर लोकांनी हात हवेत हलवून टाळ्या दिल्या. एक पांढऱ्या केसांच्या बाई ताईपाशी आल्या आणि बराच वेळ तिचे हात हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी सावकाश, ताईला कळेल असं सांगितलं की त्यांच्या आईच्याही खुणा होत्या, घरातल्याच. त्यातली भाताची तेवढी आठवते. त्यांनी ती करून दाखवली. ताईनं ती त्यांच्यामागून केली, बरोबर केली का ते त्यांच्याकडे बघत.

आता बाबा थकलेत. ताई त्यांना वेळेवर औषधं देते, ते तिला बोटांनी गोळ्यांचा आकडा दाखवतात, दोघांचं तेवढ्यावर चालतं. त्यांनी शिकायला घेतलं नाही आणि तिनं शिकवायला घेतलं नाही. नवीन फिल्मचं मी एकदोनदा विचारलं. ती म्हणते, बघू.

गेल्या महिन्यात मी तिकडे जेवायला गेले होते. ताईनं शेवभाजी केली होती. मी हातांनीच म्हटलं, तिखट झालंय. तिनं मान हलवली आणि म्हणाली, तिखटाची खूण अशी नाही. बोटं ओठांपाशी नेऊन बाहेर उडवायची, आई तशी करायची. मी म्हटलं, नाही, आई ओठांना बोटं लावून खाली आणायची, मला पक्कं आठवतं. ती म्हणाली, तू सासरी गेलीस, तुला काय आठवणार. मी म्हटलं, मी माझ्या पोरालाही हीच शिकवली आहे. थोडा वेळ आम्ही दोघी आपापली खूण एकमेकींना करून दाखवत राहिलो, तिची वर, माझी खाली. मग एकदमच दोघींच्या लक्षात आलं की विचारायला कुणी नाही.

ताईनं पातेलं पुढे केलं. मी आणखी भाजी वाढून घेतली.